मंगळवारी कमरेखालचं काही नाही

थॉर्नबेक, कंब्रिया
९ फेब्रुवारी २००३

प्रिय मोरॅग,

हसायचं असेल तर आधी हसून घे, मग पुढचं वाच. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी फॅमिली डॉक्टरांच्या कॉलेजचा सभासद व्हायला निघालो आहे.

तुझ्या नावापुढे ती सभासदत्वाची अक्षरं कधीच लागली. एडिंबरातून आपण एकाच वर्षी बाहेर पडलो, तू कॉलेजच्या परीक्षेला बसलीस आणि मी त्याच दिवशी डोंगरी खेळांच्या मैदानावर कुस्त्या बघायला गेलो. तेव्हा सभासदत्व हा हौसेचा मामला होता. दारावर पितळी पाटी ठोकली की डॉक्टर झालो. आताची पोरं ती अक्षरं लावूनच दवाखान्यात पाऊल टाकतात आणि माझ्या पाटीकडे बघून म्हणतात, 'तुमची राहिलीत वाटतं?'

आमच्यासारख्या जुन्या खोडांसाठी कॉलेजने परीक्षेवाचूनचा एक रस्ता काढला आहे. तुम्हाला काय येतं ते विचारत नाहीत, तुम्ही काय करता ते बघतात. पेशंटशी बोलतानाच्या टेपा पाठवायच्या, मधुमेहवाल्यांना कसं सांभाळता त्याचे कागद पाठवायचे, स्वतःच्या चुकांचा पाढा वाचायचा. शेवटी तिघं जण येऊन लशींच्या फ्रिजपर्यंत सगळं उघडून बघणार.

म्हातारपणी ही थेरं कशाला, असं तू म्हणशीलच. मी निवृत्त झालो की इथे यायला कुणी तयार नाही. मग वरचे साहेब हा दवाखाना बंद करून घाटापलीकडच्या मोठ्या केंद्राला जोडणार, आणि हिवाळ्यात घाट बंद झाला की थॉर्नबेकच्या लोकांनी आजारी पडायचं नाही. शिकाऊ डॉक्टर ठेवायची परवानगी मिळाली तर त्यातला एखादा इथे रमेल. पण शिकवायचं तर आधी मी सभासद हवा.

तू परीक्षक होतीस. माझ्या टेपा बघून मला शिव्या घालशील का?

तुझा,
एडविन

क्रेगहेवन, फाइफ
१७ फेब्रुवारी

प्रिय एडविन,

हसले. पोटभर. आता ऐक.

परीक्षकाला तुझं ज्ञान बघायचं नसतं, तुझे कान बघायचे असतात. पेशंटला तीन गोष्टी विचारल्यास का, ते बघतात: तुम्हाला स्वतःला हे काय वाटतंय, भीती कशाची वाटते, आणि माझ्याकडून काय हवंय. हे न विचारता तू थेट औषध लिहिलंस की गेलास. दहा-बारा मिनिटांत आटोप. त्यातली पहिली पाच तू मेंढ्यांच्या भावावर घालवतोस हे मला ठाऊक आहे, ती वाचव. प्रत्येकाची लेखी संमती घे, टेप दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिली तर चालेल हेही त्यात लिहून घे. कॅमेऱ्यासमोर कुणाची नाजूक तपासणी करू नकोस, ते नियमात बसत नाही आणि बघणाऱ्यालाही सोसत नाही.

टेपा पाठव. शिव्या माझ्याकडे भरपूर शिल्लक आहेत.

मोरॅग

ता. क. पलंग खालच्या खोलीत आणून घेतला. तिथून समुद्र चांगला दिसतो.

थॉर्नबेक
२० मार्च

प्रिय मोरॅग,

समुद्र दिसतो हे छान झालं. आता माझं ऐक.

चित्रीकरणासाठी मी मंगळवार धरला, कारण त्याच दिवशी बाजाराची बस खोऱ्याच्या वरच्या टोकापासून खाली येते आणि दवाखाना भरतो. कॅमेरा वजनकाट्याच्या वरच्या फळीवर. बाकी सगळा कारभार आमच्या बर्केटबाईंच्या हाती. तीस वर्षं त्यांनी माझ्या दवाखान्याची खिडकी सांभाळली, आता त्या माझं सभासदत्व सांभाळताहेत. कॉलेजचं पत्रक त्यांनी माझ्याआधी वाचलं. नाजूक तपासणीचं ते कलम त्यांनी सोप्या भाषेत उतरवलं आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर ठळक अक्षरांत लावलं: 'मंगळवारी कमरेखालचं काही नाही.' दोघातिघांनी जाऊन विचारलं, गुडघा कुठे धरायचा? बाई म्हणाल्या, "गुडघा चालेल. त्याच्या वर सरकायचं नाही."

गावाने हे फारच मनावर घेतलं आहे. एथेल हॉगार्थ तिची अंत्ययात्रेची टोपी घालून आली आणि कॅमेरावाल्यासाठी आल्याची बिस्किटं घेऊन आली. कॅमेरावाला नाहीच म्हटल्यावर तिने ती मला दिली, पण तोंड वाकडं करून. आयझॅक रिग खुर्चीत बसायच्या आधीच घडाघडा बोलला, "डॉक्टर, मला वाटतं हे पित्त. भीती कशाचीच नाही. आणि हव्यात त्या गुलाबी गोळ्या." बाईंनी बाहेर रांगेत सगळ्यांची उजळणी घेतली होती. ती टेप मी बाद केली.

वेळेचीही चिंता मिटली. तुला माहीत आहे, आपल्याकडे माणूस गुडघा दाखवायला येतो आणि निघताना दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणतो, 'बाकी काही नाही डॉक्टर, बायको सोडून गेली.' मग दहा मिनिटांची चाळीस होतात. आता दहा मिनिटं झाली की बर्केटबाई बाहेरून स्वतःच दार उघडून उभ्या राहतात. पेशंट मुकाट्याने उठतो. इतका वक्तशीर मी जन्मात नव्हतो.

सगळ्यांत सुरेख टेप विल्फ टायसनची. दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेला, खोऱ्याच्या टोकाला राहणारा, सत्तरीचा माणूस. साधा खोकला. तीन प्रश्न, तीन उत्तरं, छाती तपासली, सिगारेटचं समजावलं, त्यानेही मान डोलावली. बघताना मला स्वतःचाच हेवा वाटला. मुदत संपत होती म्हणून सगळ्या टेपा आजच लंडनला रवाना केल्या, विल्फच्या टेपेची नक्कल तुला पाठवतोय.

चांगली आहे एवढं म्हण, पुरे.

एडविन

क्रेगहेवन
२९ मार्च

एडविन,

टेप तीनदा पाहिली. परीक्षक म्हणून मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. म्हणूनच लगेच लिहायला बसले.

तो माणूस पूर्ण टेपेत एकदाही खोकला नाही. तू 'भीती कशाची वाटते' विचारलंस तेव्हा त्याने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या टोपीकडे, आणि म्हणाला, "खोकल्याची." खोकल्याला कोण घाबरतं? खाणीतला माणूस? आणि शेवट बघ. तो अर्धवट उठला, खुर्चीची पाठ धरली, तुझ्याकडे वळला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तुझ्या बर्केटबाईंनी दार उघडलं. तोंड मिटलं. त्याचा हात मुठीपर्यंत पोचलाच नाही रे. तुम्ही दोघांनी त्याला मूठच ठेवली नाहीत.

टेप सोड. त्याच्या घरी जा.

मोरॅग

ता. क. कोपऱ्यावरच्या मासेवालीची मुलगी आता सामान घरी आणून देते. गोड पोरगी आहे.

थॉर्नबेक
४ एप्रिल

मोरॅग,

निवृत्त होऊनही तुझी परीक्षकगिरी सुटलेली नाही. दहा मिनिटांच्या टेपेत तू विल्फला ओळखलंस आणि मी तीस वर्षांत ओळखलं नाही, असंच ना? तो खोकला नाही कारण मी त्याला बोलता ठेवला होता. छाती स्वच्छ होती. विल्फ टायसनला काही सांगायचं असेल तर तो सांगतो, थॉर्नबेकात कुणीही मूग गिळून बसत नाही.

'चांगली आहे' म्हणायला तुझं काय जात होतं? पुढच्या वेळी कुणा परक्याला विचारीन.

एडविन

[पोस्टकार्ड, क्रेगहेवनच्या धक्क्याचं चित्र]
८ एप्रिल

गेलास का?
मो.

थॉर्नबेक
१६ एप्रिल

प्रिय मोरॅग,

गेलो. तुझं कार्ड बर्केटबाईंनी वाचून माझ्यासमोर ठेवलं, 'कुठे जायचंय तुम्हाला?' म्हणून विचारलं, तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तसाच गाडीत बसलो. खरं म्हणजे तुला खोटं पाडायला गेलो होतो.

विल्फ अंगणाच्या दगडी भिंतीची डागडुजी करत होता. मला बघून त्याचा पहिला प्रश्न, "काय डॉक्टर, टेप खराब निघाली का?"

"उत्तम निघाली. खोकला कसा आहे?"

"कुठला खोकला?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको नॅन ओरडली, "अहो, तो नाही का, टेपेतला!"

मग मात्र मी भिंतीवरच बसलो. म्हटलं, विल्फ, तुम्ही त्या दिवशी आला होतात कशासाठी? त्याने नॅनकडे पाहिलं. नॅन खिडकीतून बाजूला होऊन चहाचं आधण ठेवू लागली, जरा जास्तच आवाज करत.

"कमरेखालचं होतं, डॉक्टर. आणि मंगळवार होता."

"मग गुरुवारी यायचं."

"गुरुवारी बस कुठाय?"

लघवीतून रक्त जातंय, मोरॅग. नाताळच्या आधीपासून. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून मनात जास्त धास्ती. म्हणाला, "म्हटलं, निघताना दारात सांगू, नेहमीसारखं. पण दार बाईंनीच उघडलं. आणि समोर एथेल हॉगार्थ ती टोपी घालून बसलेली. तिच्यादेखत लघवीचं कसं बोलणार?"

मी म्हटलं, अहो, पण कॅमेरा बंद करायला सांगायचं होतंत, एका मिनिटाचं काम! तर माझी समजूत घालावी तसा म्हणतो, "बाई म्हणाल्या, तुम्ही पास झालात तर दवाखाना राहतो. सगळ्यांनी आपापलं नीट करायचं ठरलं होतं. माझ्या वाटणीला खोकला आला. त्यात काय बिघडलं?"

तिथे भिंतीवर बसून मी रडलो. विल्फने दुसरीकडे बघत एक दगड तीनदा बसवला. त्याच दुपारी इस्पितळात फोन करून त्याची तातडीने वेळ घेतली. भिंतीवरचा कागद मी स्वतः फाडला. बर्केटबाईंना एक शब्द बोललो नाही, आणि त्यांनाच ते सोसलं नाही. तेव्हापासून त्या खिडकीत रुमाल घेऊन बसल्या आहेत. लोक त्यांनाच धीर देताहेत.

कॉलेजला लिहिलं, ती टेप परत द्या, तिच्यात मी नापास आहे. तिथल्या कारकुनाचं उत्तर आलं की एकदा दाखल झालेली टेप मागे घेता येत नाही. माझं काही म्हणणं असल्यास चुकांच्या विभागात एक पान जोडावं. जोडलं.

काल रात्री झोप येईना म्हणून तुझी पत्रं पुन्हा काढली. पलंग खाली. सामान घरपोच. तुझ्या त्या खालच्या खोलीची खिडकी मागच्या गल्लीत उघडते, मोरॅग, मी त्या घरात राहून गेलो आहे. तिथून समुद्र दिसतच नाही. तुला जिना चढवत नाही, हो ना? आणि हे तू मला दोनदा सांगितलंस, दोन्ही वेळा पत्र संपल्यावर.

शनिवारच्या गाडीने येतोय. स्टेथोस्कोप घेऊन. उठून दार उघडायला येऊ नकोस, किल्ली मासेवालीच्या मुलीकडे ठेव.

एडविन

रॉयल पार्क नर्सिंग होम, एडिंबरा
२४ जून

प्रिय एडविन,

हृदयाची नवी झडप टिकटिक करते. रात्री उशी कानाखाली घेतली की स्वतःलाच घड्याळ झाल्यासारखं वाटतं. तू आलास तेव्हा मी तुला घराबाहेर काढत होते ते विसर, आणि तू माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावून जे तोंड केलंस तेही मी विसरते.

गंमत सांगते. ऑपरेशनच्या आधी एक कोवळा डॉक्टर आला. अदबीने खुर्ची ओढून बसला आणि विचारलं, तुम्हाला काय वाटतंय, भीती कशाची वाटते, आमच्याकडून काय हवंय. अगदी मी शिकवलं तस्सं. मी म्हटलं, काही नाही, कशाची नाही, आणि अजून एक उशी. तो समाधानाने लिहून घेऊन गेला. मी मरणाला घाबरले होते, एडविन. आयुष्यभर जो प्रश्न मी दुसऱ्यांना विचारायला लावला, त्याचं खरं उत्तर मला देता आलं नाही.

विल्फचं काय झालं? आणि तुझे ते तिघे येऊन गेले का?

मोरॅग

ता. क. काही नाही. मुद्दाम रिकामा ठेवला, तू उगाच शोधत बसशील म्हणून.

थॉर्नबेक
१२ सप्टेंबर

प्रिय मोरॅग,

विल्फचं आधी. मूत्राशयात गाठ होती. दुर्बीण आत घालून खरवडून काढली, मुळं खोल गेली नव्हती. आता दर तीन महिन्यांनी पुन्हा डोकावून बघायचं. इस्पितळातले म्हणाले, अजून उन्हाळाभर थांबला असता तर वेगळी गोष्ट झाली असती. ती वेगळी गोष्ट मी रोज मनात एकदा ऐकतो.

तिघे परीक्षक येऊन गेले. फ्रिज उघडला, औषधांच्या तारखा पाहिल्या, बर्केटबाईंची मुलाखत घेतली. बाई आयुष्यात पहिल्यांदा 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलल्या. आणि काल पाकीट आलं. मी सभासद झालो, मोरॅग. शिकाऊ डॉक्टर ठेवायची परवानगीही त्यामागोमाग येईल असं कळतंय. म्हणजे दवाखाना राहतो. गावाने घंटा वाजवायची तेवढी बाकी ठेवली आहे.

पण त्याच पाकिटात दुसरं पत्र होतं. माझी एक टेप त्यांना इतकी आवडली की डॉक्टरांच्या प्रशिक्षणात आदर्श नमुना म्हणून दाखवायची आहे, पेशंटची नव्याने संमती मिळेल का? कुठली टेप, ते तू ओळखलंसच. मी कपाळाला हात लावला. फोन केला. टेपा बघणारी समिती वेगळी आणि चुकांची पानं वाचणारी वेगळी. त्या पानालाही म्हणे उत्तम शेरा आहे. दोन्ही समित्या आपापल्या जागी खूश, एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

मी कळवणार होतो की संमती नाही. पण विचारायचं विल्फला होतं, म्हणून त्याला विचारलं. त्याने भिंतीवर कोपर टेकलं. म्हणाला, "दाखवू देत की. पण शेवटी एक ओळ लिहायची: या माणसाला खोकला नव्हता." कॉलेजने मान्य केलं, आणि पुढे लिहिलं की ही ओळ शैक्षणिकदृष्ट्या फार उद्बोधक आहे.

एडविन

थॉर्नबेक
१९ फेब्रुवारी २००४

प्रिय मोरॅग,

आमच्याकडे माणूस आलं. डॉ. रोवेना कार्स, न्यूकॅसलची, हुशार, नम्र, आणि बर्फात चालायचे बूट स्वतःचे घेऊन आलेली, त्यामुळे बर्केटबाईंना पहिल्याच दिवशी पसंत पडली. मला बघितल्याबरोबर तिचे डोळे विस्फारले. "सर, तुम्ही ते टेपवाले! आम्हाला वर्गात दाखवली होती." मी विचारलं, शेवटची ओळ वाचलीस? म्हणाली, "शेवट नाही बघायला मिळाला. तास संपला."

ती ओळ तिला आत्ताच सांगायची नाही असं ठरवलं. मंगळवार जवळच होता.

विल्फ बसने आला. मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. रोवेना त्याला बघून खुलली. "तुम्ही तर खोकलावाले टायसन! कसा आहे खोकला?"

विल्फने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "परत आलाय," तो म्हणाला.

मोरॅग, पोरीने काय सुंदर काम केलं! वेळेत, हसतमुख, तिन्ही प्रश्न अगदी जिथल्या तिथे. विल्फने तिन्हींची उत्तरं दिली. छाती तपासली. सिगारेटचं निघालं. विल्फने मान डोलावली. मला माझीच टेप पुन्हा बघतोय असं वाटलं. मग विल्फ उठला, टोपी हातात घेतली, आणि रोवेना चांगल्या घरची मुलगी, म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून पुढे झाली आणि तिने त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

बाहेर एथेल हॉगार्थ बसलीच होती.

विल्फ दारापर्यंत गेला, उंबऱ्यापाशी थांबला, एथेलला टोपी उंचावून नमस्कार केला, मागे फिरला आणि खुर्चीत पुन्हा बसला.

"दार लाव, पोरी," तो म्हणाला. "बस. आता पहिल्यापासून सांगतो. मला खोकला कधीच नव्हता."

तुझा,
एडविन

ता. क. त्या 'गेलास का?' पोस्टकार्डाबद्दल मी तुझे आभार मानलेच नाहीत. इतके दिवस दाराची मूठ धरून उभा होतो.